चार साक्षीदार फितवणारी संख्या : ३२१५०३१७५१

प्रश्न असा आहे: "मिलर-राबिन चाचणी २, ३, ५ आणि ७ हे चार पाये घेऊन लिहिली. ३२१५०३१७५१ ही संख्या दिली की पायथनमधला प्रोग्रॅम 'मूळ' म्हणतो, आणि तोच ओळीला ओळ जुळवून जावात लिहिला तर 'संयुक्त' म्हणतो. खरं कोण? आणि या संख्येत असं दडलंय तरी काय?"

मिलर-राबिन म्हणजे संख्या मूळ आहे की संयुक्त (म्हणजे लहान अवयवांचा गुणाकार) हे तिचे अवयव न पाडता तपासणारी चाचणी; ती ज्या निवडक आकड्यांवर चालवतात ते पाये. निकाल आधी सांगून टाकतो. संख्या संयुक्त आहे:

३२१५०३१७५१ = १५१ × ७५१ × २८३५१

म्हणजे जावाचं उत्तर बरोबर आलं, पण चुकून आलं. पायथनने हिशोब चोख केला आणि तरीही तो फसला.

जावाचं आधी उरकून घेऊ, कारण त्यात संख्यांचं गणित काहीच नाही. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत. चिन्हासकट ६४ बिटांच्या पूर्णांकात ज्याचा वर्ग मावतो अशी सर्वांत मोठी संख्या ३०३७०००४९९. तुमची संख्या त्या रेषेच्या जेमतेम सहा टक्के पलीकडे आहे. त्यामुळे घात काढताना मधली बाकी लहान असली तर गुणाकार मावतो, मोठी निघाली की सांडतो, ऋण होतो, आणि पुढचं सगळं बिघडतं. चार पाये आणि प्रत्येकाला तीसएक वर्ग म्हटल्यावर कुठेतरी सांडणारच. सांडलेल्या गुणाकारातून शेवटी नेमका १ किंवा −१ येणं जवळपास अशक्य, म्हणून प्रोग्रॅम "संयुक्त" म्हणून मोकळा झाला. याच आकाराची खरीखुरी मूळ संख्या दिली असती तर तिलाही बहुधा त्याने संयुक्तच म्हटलं असतं. एकदा करून बघा. उपाय साधा आहे: जावात बिगइंटिजर (कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारा प्रकार), सी++ मध्ये बिनचिन्हाचा ६४ बिटांचा प्रकार (या संख्येचा वर्ग त्यात मावतो), आणि त्याहून मोठ्या संख्यांसाठी १२८ बिटांचा गुणाकार. ३२ बिटांच्या चिन्हासकट प्रकारात तर ही संख्या −१०७९९३५५४५ अशी दिसेल. ते दिसलं तर निदान चूक झाल्याचं लगेच कळतं तरी.

आता खरा विषय: पायथन का फसला.

मिलर-राबिन चाचणीत दिलेल्या विषम संख्येतून १ वजा करून उरलेल्यातून २ चे सगळे अवयव बाहेर काढतात. इथे

३२१५०३१७५० = २ × १६०७५१५८७५

२ फक्त एकदाच निघतो. त्यामुळे चाचणी अगदी आखूड होते: पाया घ्या, त्याचा १६०७५१५८७५ वा घात काढा, संख्येने भागून बाकी पाहा. बाकी १ किंवा −१ (म्हणजे संख्येपेक्षा एकने कमी) आली तर पाया म्हणतो, "मला तरी ही मूळ वाटते." दुसरं काहीही आलं तर संख्या नक्की संयुक्त, त्यावर अपील नाही. २ आणि ५ घेतले तर बाकी १ येते, ३ आणि ७ घेतले तर −१. चौघेही फितूर.

का, ते पाहण्यासाठी मोठ्या संख्येकडे न बघता तिच्या तीन मूळ अवयवांकडे बघायचं. १५१, ७५१ आणि २८३५१ या तिघांनाही ४ ने भागलं तर बाकी ३ उरते. म्हणून प्रत्येकातून १ वजा करून निम्मं केलं की विषम संख्या मिळते: ७५, ३७५ आणि १४१७५. आणि १६०७५१५८७५ ला या तिन्हींनी पूर्ण भाग जातो. भागाकार येतात २१४३३५४५, ४२८६७०९ आणि ११३४०५. तेही सगळे विषम.

इथे ऑयलरचा निकष कामाला येतो. मूळ संख्या प असेल, तर प ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही पायाचा (प − १)/२ वा घात प ने भागल्यावर बाकी +१ किंवा −१ च येते. पाया प च्या जगात (म्हणजे फक्त प ने भागल्यावरच्या बाक्या बघितल्या तर) कुणाचा तरी वर्ग असेल (याला वर्गशेष म्हणतात) तर +१, नसेल तर −१. आपला घातांक या अर्ध्याची विषम पट आहे, आणि विषम घाताने चिन्ह बदलत नाही. म्हणजे आपल्या संख्येचे अवयव ज्याच्यात नाहीत अशा कुठल्याही पायाला चाचणीत तीन चिन्हं मिळतात, प्रत्येक अवयवाकडून एक. तिन्ही सारखी निघाली तर एकूण बाकी १ किंवा −१ येते आणि संख्या निसटते. एक जरी वेगळं निघालं तरी पकडली जाते. सगळं रहस्य एवढंच आहे, आणि ते कागद-पेन्सिलने तपासता येतं.

तपासूच. पाया २ ला + मिळतो की −, हे मूळ संख्येला ८ ने भागल्यावरच्या बाकीवर ठरतं: १ किंवा ७ असेल तर +. आपल्या तिघांचीही बाकी ७. तीनही +.

३, ७, ११ अशा ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या पायांसाठी गाउसचा द्विघाती व्युत्क्रमाचा नियम वापरायचा. पाया आणि अवयव दोन्ही या जातीचे असल्यामुळे उत्तराचं चिन्ह उलटतं: अवयव हा पायाच्या जगात वर्ग असेल तर पायाला − मिळतो. ३ ने भागल्यावर तिन्ही अवयवांची बाकी १, आणि १ हा वर्गच. म्हणून तीनही −. ५ ला उलटापालट नाही. तिन्ही अवयवांचा शेवटचा अंक १, म्हणून तीनही +.

७ ची गंमत मला सगळ्यात आवडते. ७ ने भागल्यावर १५१ ची बाकी ४, ७५१ ची २, २८३५१ ची १. बाक्या वेगवेगळ्या आहेत, पण ७ च्या जगात शून्य सोडून वर्ग असतात ते नेमके १, २ आणि ४. तिघांनी तीन वेगळ्या दारांनी येऊन एकच उत्तर दिलं: तीनही −.

मग ११. बाक्या ८, ३ आणि ४. ११ च्या जगातले वर्ग १, ३, ४, ५, ९; त्यात ८ नाही. म्हणून चिन्हं +, −, −. फूट पडली. पाचवा पाया ११ ठेवला असता तर पायथननेही "संयुक्त" म्हटलं असतं. १३ ला −, +, − मिळतात, म्हणजे तोही पकडतो.

११ नुसता पकडत नाही, तो संख्या फोडूनही देतो. ११ चा १६०७५१५८७५ वा घात या संख्येने भागला तर बाकी २१२९१६००९९ येते. ती १ नाही, −१ ही नाही, पण तिचा वर्ग केला तर बाकी १ येते. १ चं असं तिसरंच वर्गमूळ हाती लागलं की अवयव हाती लागलेच समजा: २१२९१६००९८ आणि आपली ३२१५०३१७५१ यांचा मसावि काढा, १५१ मिळेल. पुष्कळ जण चाचणीचं उत्तर "संयुक्त" आलं की ती बाकी टाकून देतात. ठेवावी, फुकटात मिळालेली असते.

चिन्हांच्या या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती कोड लिहिणाऱ्यांना उपयोगी आहे. दोन पायांचा गुणाकार केला की त्यांची चिन्हंही गुणली जातात. २, ३, ५, ७ फितूर, म्हणजे ४, ६, ८, ९, १० आपोआप फितूर. आणि १२, १४, १५, १६ सुद्धा. १ ते १६ पैकी फक्त ११ आणि १३ खरं बोलतात. "मी २ पासून १० पर्यंत सगळे पाये तपासले" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर या संख्येपुरते त्याने चारच तपासले आहेत. बाकीचे पाच त्याच चौघांचे गोतावळेवाले. लहान पाये घ्यायचे तर मूळ संख्याच घ्याव्यात.

आता मोजदाद. तीन चिन्हांच्या आठ जोडण्या, त्यातल्या दोन (तीनही + किंवा तीनही −) निसटू देणाऱ्या. संख्येशी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक अवयव नसलेले) पाये १५० × ७५० × २८३५० = ३१८९३७५००० आहेत आणि त्यात आठही जोडण्या सारख्याच वाटल्या जातात. म्हणून फितूर पाये बरोबर एक चतुर्थांश, ७९७३४३७५०. हा आकडा साधा नाही. राबिन आणि मोनिये यांनी १९८० साली दाखवलं की ९ पेक्षा मोठ्या कुठल्याही विषम संयुक्त संख्येला सहमूळ पायांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त पाये फितवता येत नाहीत. पुस्तकात ही मर्यादा वाचताना ती सैल, सुरक्षेसाठी ठेवलेली वाटते. बहुतेक संयुक्त संख्यांच्या बाबतीत ती तशी आहेही. त्यांचे फितूर पाये याच्या कितीतरी खाली असतात. आपली संख्या मात्र त्या मर्यादेला डोकं टेकवून उभी आहे.

यामागे दोन गुण आहेत. एक वर आला: तिन्ही अवयव ४ ने भागल्यावर ३ उरणारे. दुसरा म्हणजे ही कार्मायकल संख्या आहे. १८९९ मध्ये कोर्सेल्टने निकष दिला होता: संख्येत कुठलाही मूळ अवयव दोनदा येऊ नये, आणि प्रत्येक मूळ अवयव उणे एक याने संख्या उणे एक हिला पूर्ण भाग जावा. अशी प्रत्यक्ष संख्या, ५६१, कार्मायकलने १९१० मध्ये पुढे ठेवली. इथे ३२१५०३१७५० ला १५०, ७५० आणि २८३५० या तिन्हींनी भाग जातो. त्यामुळे फर्माच्या साध्या चाचणीत (पायाचा 'संख्या उणे एक' एवढा घात काढून बाकी १ येते का, एवढंच ती पाहते) तर या संख्येला कुठलाच सहमूळ पाया पकडू शकत नाही. १५०, ७५० आणि २८३५० यांचा लसावि फक्त १४१७५०. कुठल्याही सहमूळ पायाचा एवढा घात काढला की बाकी १. ३२१ कोटींच्या संख्येला एवढं छोटं चक्र! खऱ्या मूळ संख्येत काही पायांना पूर्ण संख्या उणे एक एवढं चक्र मारावं लागतं. कार्मायकल संख्या अनंत आहेत हे ऑल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा "अशा संख्या विरळ, दुर्लक्ष करा" हा युक्तिवाद टिकत नाही.

विरळ मात्र खऱ्याच. पॉमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये २५०० कोटींपर्यंतचे असे सगळे तोतये (संयुक्त असून चाचणीत मूळ भासणाऱ्या संख्या) शोधून काढले. त्या टापूत शंभर कोटींहून जास्त खऱ्या मूळ संख्या आहेत. पाया २ च्या या कडक (म्हणजे मिलर-राबिन) चाचणीतून निसटणाऱ्या संयुक्त संख्या ४८४२ निघाल्या. २, ३, ५ तिघांनाही चकवणाऱ्या फक्त १३. आणि २, ३, ५, ७ चौघांना चकवणारी एकच, तुम्ही विचारलेली. तुम्ही ती कुठून उचलली माहीत नाही, पण आकडे सहज टंकताना ती सापडलेली नाही हे नक्की.

एवढी पक्की तोतया संख्या फोडायला मात्र अगदी सोपी आहे. तिचं वर्गमूळ साधारण ५६७०१.२५. पण तिथवर जायलाच नको. २, ३, ५, ७ असं मूळ संख्यांनी ओळीने भागत गेलात तर ३६ वी मूळ संख्या १५१, तिथेच ती पडते. म्हणून माझा जुना शिरस्ता असा की कुठलीही चाचणी लावण्याआधी हजारापर्यंतच्या १६८ मूळ संख्यांनी भागून घ्यायचं. खर्च नगण्य, आणि कचरा बराचसा दारातच अडतो.

भागाकाराचा कंटाळा असेल तर दुसरी वाट. संख्येला १६ ने गुणा आणि ९ मिळवा: ५१४४०५०८०२५. हा २२६८०५ चा पूर्ण वर्ग आहे. म्हणजे १६ पट संख्या = २२६८०५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग = २२६८०२ × २२६८०८, आणि त्यातून १६ काढले की ११३४०१ × २८३५१ उरतात. हा योगायोग नाही. २८३५० ला क्ष म्हणा, तर संख्या (क्ष + १)(४क्ष + १) अशी आहे. निसटणाऱ्या संख्यांना अशा साच्याची फार आवड, कारण हा साचा असला की संख्या उणे एक हिला क्ष ने भाग जाणारच. फर्माची वर्गांच्या फरकाची जुनी युक्ती १, ४, ९, १६ अशा लहान गुणकांसह चालवून पाहिली तर अशा कितीतरी संख्या मिनिटभरात उघड्या पडतात.

अवयवांशी थेट संबंध नसलेली एक गोष्टही सांगतो, निव्वळ हौस म्हणून. संख्येला ८ ने भागलं तर बाकी ७, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज नाही आणि तीन वर्गांचीही नाही. लाग्रांजच्या प्रमेयाने चार पुरतात आणि इथे चार लागतातच. ५६७०१ चा वर्ग वजा केला की उरतात नेमके २८३५०, म्हणजे आपला क्ष पुन्हा. आणि २८३५० = १६७ चा वर्ग + १९ चा वर्ग + १० चा वर्ग. झाले चार.

आता कोडमध्ये काय बदलायचं. संख्या ४७५९१२३१४१ पेक्षा लहान असतील, म्हणजे ३२ बिटांतल्या सगळ्याच, तर २, ७ आणि ६१ हे तीनच पाये पुरतात आणि उत्तर शंभर टक्के खरं असतं. इथे पकडण्याचं काम ६१ करतो. त्याला −, +, + मिळतात. चार पाये फसले आणि तीन पुरले, कारण प्रश्न पायांच्या संख्येचा नव्हता, निवडीचा होता. ६४ बिटांसाठी २ ते ३७ पर्यंतच्या १२ मूळ संख्या घ्या. त्या बाराही पायांना चकवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१ आहे आणि ती ६४ बिटांच्या खूप पलीकडे पडते.

त्याहून मोठ्या संख्यांना ठरलेली यादी वापरू नका, विशेषतः संख्या दुसऱ्या कुणाकडून येत असेल तर. आर्नो यांनी १९९५ मध्ये ३९७ अंकांची एक संयुक्त संख्या रचून दाखवली, जी ३०७ पेक्षा लहान असलेल्या सगळ्या मूळ पायांना चकवते. तुमची यादी माहीत असलेला माणूस तिला पुरून उरेल अशी संख्या बनवू शकतो. तिथे पाये यादृच्छिक हवेत. आपल्या संख्येवर एक यादृच्छिक पाया फसण्याची शक्यता साधारण २४.८ टक्के, चार फसण्याची हजारात चार, आणि वीस फसण्याची लाख कोटीत एकाहूनही कमी. आणि ही सर्वांत वाईट जातीतली संख्या आहे.

मला स्वतःला बेली-पीएसडब्ल्यू जास्त भावते: पाया २ ची एक कडक चाचणी आणि जोडीला एक ल्युकास चाचणी (घातांऐवजी ल्युकासच्या संख्यामालिका वापरणारी). दोन्हींच्या खोड्या वेगळ्या, त्यामुळे एकीला फितवणारी संख्या दुसरीत सापडते. ल्युकाससाठी ५, −७, ९, −११ या क्रमाने असा आकडा शोधायचा ज्याचं याकोबी चिन्ह (अवयवांकडून मिळणाऱ्या चिन्हांचा गुणाकार) −१ येतं. इथे ५, −७ आणि ९ तिघेही +१ देतात, म्हणजे इथेही संख्या तीन पावलं हुलकावणी देते, आणि मग −११ वर थांबते. पुढची चाचणी तिला संयुक्त ठरवते. ६४ बिटांपर्यंत ही जोडी कुठेच चुकत नाही हे संगणकाने तपासून झालं आहे, आणि त्यापुढेही फसल्याचं उदाहरण अजून सापडलेलं नाही. सिद्धताच हवी असेल तर अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची पद्धत आहे, पण रोजच्या कामाला ती फार संथ पडते.

चाचणी लिहून झाली की या संख्या तिच्या तोंडावर फेकून बघा: २०४७, १३७३६५३, २५३२६००१, ३२१५०३१७५१, २१५२३०२८९८७४७. पहिली फक्त २ ला चकवते, दुसरी २ आणि ३ ला, असं करत पाचवी ११ पर्यंतच्या पाचही मूळ पायांना. आणि प्रत्येक आपापल्या गटातली सर्वांत लहान. पाये किती घ्यायचे याच्या सीमारेषा म्हणून हेच आकडे कोडमध्ये लिहिलेले असतात. तिथे तुलनेचं चिन्ह दोनदा तपासा. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये "३२१५०३१७५१ पेक्षा लहान असेल तर चार पाये पुरे" ही अट मी "लहान किंवा समान" अशी लिहिली होती, आणि सगळ्या संख्यांपैकी नेमक्या एकाच संख्येवर तो चुकत होता.